रात्रपाळी, निद्रा आणि मनःप्रसादन

भिवंडीतील अनेक यंत्रमाग कारखान्यांत १२-१२ तासांच्या पाळ्या चालतात. रात्रपाळीचा कामगार अनिद्रा, चिडचिड व शिरःशूल सांगतो आणि झोपेची गोळी मागतो. अशा वेळी आम्ही प्रथम त्याची दिनचर्या विचारतो.

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे तीन उपस्तंभ चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११व्या अध्यायात वर्णिले आहेत. रात्रिजागरण रूक्ष, तर दिवास्वाप स्निग्ध होय. कामगार रात्रभर जागतो आणि सकाळी भरपेट जेवून झोपतो. त्यामुळे वाताबरोबर कफही बिघडतो. वाग्भटाचार्यांच्या मते अशा जागरणाच्या निम्मा काळ सकाळी, भोजनापूर्वी झोपावे. पाळीच्या मध्यंतरात लघु आहार घेतल्यास हे सहज साधते.

निद्रा आली तरी मनातील रज-तम आपोआप शमत नाही. चरकाचार्यांनी निद्राजनक उपायांत अभ्यंग, संवाहन, मनास रुचणारे गंध व शब्द यांचाही समावेश केला आहे. रात्रभर मागांचा खडखडाट ऐकणाऱ्यास शांतता हेच पहिले औषध होय. म्हणून पादाभ्यंग, काळोखी खोली आणि सुट्टीच्या दिवशी भजन, मित्रांशी गप्पा किंवा वऱ्हाळदेवी तलावाकाठी फेरफटका असे आम्ही चिठ्ठीवरच लिहून देतो.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. झोपेसाठी सर्पगंधा वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नये. तिच्यातील रेसर्पिन रक्तदाब उतरवते व काहींत विषण्णता आणते. प्रसन्नतेच्या शोधात आलेला रुग्ण आपल्या हातून अधिक खिन्न होऊ नये.