उडून येणारा कचरा आणि उसाचे रान



बेणे, खत, पाणी, रोग-किडी यांविषयी आपण या पानातून वेळोवेळी बोलत असतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. आपल्याकडे बहुतेक तालुक्याच्या गावांबाहेर, कुठे माळावर तर कुठे जुन्या खाणीत, कचरा डेपो झालेला आहे. डेपो शहराचा, पण त्याच्या शेजारचे रान कुणा ना कुणा सभासदाचे असते. उन्हाळ्यात वारा सुटला की डेपोतल्या पिशव्या, दुधाच्या रिकाम्या थैल्या, वेफर्सची पाकिटे उडतात आणि उसात येऊन बसतात. अशा रानाच्या कडेने गेले की पहिल्या चार-सहा सऱ्या पांढऱ्या-निळ्या दिसतात. विचारले तर सभासद म्हणतात, "काय करणार साहेब, वाऱ्याला कोण अडवणार?"

वारा अडवता येत नाही हे खरे. पण पिशवी अडवता येते आणि आलेली पिशवी वेळेत उचलता येते. यातला 'वेळेत' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. तो का, ते पाहू.

पिशवी का उडते?

साधा हिशोब करू. ३० सें.मी. रुंद व ४० सें.मी. लांब अशी २० मायक्रॉन जाडीची पिशवी घेतली, तर तिचे वजन जेमतेम साडेचार ग्रॅम भरते. म्हणजे एका किलोत सव्वादोनशे पिशव्या. हीच पिशवी १२० मायक्रॉनची असेल तर वजन साडेसव्वीस ग्रॅम, म्हणजे किलोत अडतीस. वाऱ्याला धरायला अंग दोघींचे सारखेच, पण पातळ पिशवीचे वजन सहावा हिस्सा. म्हणून ती शिडासारखी फुगते आणि बांध ओलांडून येते. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगला देशभर बंदी आली. महाराष्ट्रात तर २०१८ सालीच प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली गेली. तरीसुद्धा डेपोत पातळ पिशवी येतेच, शिवाय आधीच्या वर्षांचा साठा ढिगात आहेच.

ओला कचरा जड असतो, तो सहसा उडत नाही. चैत्र-वैशाखात ढीग वरून वाळतो आणि दुपारनंतर वारे वाढतात. वळिवाच्या आधीची वावटळ तर पिशव्या पार वर उचलते. पुढे पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून डेपोच्या पूर्वेला व ईशान्येला ज्यांचे रान आहे त्यांनी ज्येष्ठ-आषाढात जास्त जपावे.

उसातच जास्त का अडकते?

ज्वारी-हरभऱ्याच्या रानातून पिशवी पुढे निघून जाते. उभा ऊस मात्र भिंतीसारखा असतो. त्यात पानांच्या कडा करवतीसारख्या, त्यामुळे आलेली पिशवी सुटत नाही. ती काठाच्या सऱ्यांत साठते, हळूहळू खाली पडते आणि पाचटाखाली झाकली जाते. तोडणीपर्यंत ती कुणाला दिसतही नाही. त्यापासून होणारे तोटे असे :

१) पाण्याचा अडथळा. सरीत दोन-चार पिशव्या एकत्र आल्या की पाणी तुंबते, वरंबा फुटतो. वरच्या अंगाला पाणी साचून राहते आणि सरीचे टोक कोरडे. दारे धरणाऱ्या गड्याला विचारा, तो लगेच सांगेल.

२) लागणीतील तूट. टिपरीखाली प्लास्टिक आले तर टिपरी मातीला नीट चिकटत नाही, ओलावा मिळत नाही आणि तिथे नांग्या पडतात.

३) जनावरांना धोका. हा सर्वांत मोठा. तोडणीच्या वेळी वाढ्याच्या पेंडीत पिशवी बांधली जाते. गाय-म्हैस ती गिळते. प्लास्टिक पचत नाही, ते रवंथाच्या पोटात साठत जाते, त्याचा गोळा होतो. मग चारा खाणे कमी, दूध कमी, वरचेवर पोटफुगी, आणि शेवटी ऑपरेशन किंवा जनावर दगावणे. डेपोशेजारच्या उसाचे वाढे विकले जाते तेव्हा हा धोका चार गावे पुढे जातो, हेही लक्षात घ्यावे.

४) जमिनीचे कायमचे नुकसान. याबद्दल थोडे सविस्तर सांगतो.

पिशवी अखंड आहे तोवरच उचलता येते

वर सांगितलेल्या त्याच पिशवीचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे झाले तर किती होतील? एका बाजूचे तीनशे, दोन्ही बाजूंचे सहाशे. एक पिशवी वाकून उचलायला क्षणभर लागतो. सहाशे तुकडे मातीतून वेचणे कुणालाच शक्य नाही. हे तुकडे होतात कशाने? एक, उन्हाने. रानात पडलेली पातळ पिशवी उन्हात ठिसूळ होते आणि हातात घेतली की चुरा होतो. दोन, आपल्याच अवजारांनी. रोटाव्हेटर आणि पाचटाची कुट्टी करणारे यंत्र ही दोन्ही चांगली अवजारे आहेत, त्यांची शिफारस आम्हीच करतो. पण प्लास्टिक न वेचता ती फिरवली, तर एका दिवसात पिशव्यांचा भुगा होऊन तो सबंध रानात सारखा पसरतो. पाच मिलिमीटरहून लहान कणांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. ते कुजत नाही, फक्त आणखी बारीक होत जाते. पाचट कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो म्हणून आपण ते ठेवतो, आणि त्याच कामात जमिनीत प्लास्टिक मुरवतो, असे होता कामा नये.

म्हणून एकच नियम पाळावा : आधी वेचणी, मग यंत्र.

वेचणीचे वेळापत्रक

डेपोपासून हाकेच्या अंतरावर ज्यांचे रान आहे त्यांनी वर्षातून निदान चार वेळा वेचणी करावी.

पहिली, तोड होताच, पाचटाची कुट्टी करण्यापूर्वी. पाचट काठीने हलवून काठाच्या सऱ्या आधी बघाव्यात. वेचून झाल्यावरच बुडखे छाटावेत आणि पाचट कुजवायला घ्यावे. (एक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो जिवाणू खत, हे प्रमाण सभासदांना माहीत आहेच.)

दुसरी, वळिवाच्या पहिल्या सरीनंतर. वाऱ्याचा जोर झालेला असतो आणि भिजलेली पिशवी जागची हलत नाही.

तिसरी, आडसाली लागणीच्या पूर्वमशागतीआधी, म्हणजे नांगर आणि रोटाव्हेटर रानात घालण्यापूर्वी.

चौथी, मोठ्या बांधणीच्या आधी. बांधणीची माती पडली की सरीतले प्लास्टिक गाडले जाते. शिवाय यानंतर ऊस दाटतो आणि आत शिरता येत नाही.

वेचणी सकाळी लवकर करावी. वारा पडलेला असतो आणि दवाने पिशव्या जड झालेल्या असतात. दुपारी एक पिशवी धरेपर्यंत दुसरी शेजाऱ्याच्या रानात जाते. गोणपाट सोबत ठेवावे, हातमोजे घालावेत. डेपोतून सुया, काचाही येतात, म्हणून अनवाणी जाऊ नये आणि लहान मुलांना या कामाला लावू नये.

"पेटवून दिलं तर?"

एका सभासदांनी मला बांधावरच विचारले, "साहेब, पाचाट पेटवलं की प्लास्टिकबी जळून जातंय. येचत कोण बसणार?" प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. प्लास्टिक उघड्यावर जळते तेव्हा ते नाहीसे होत नाही. काही वितळून ढेकळाला चिकटते, काही विषारी धूर होऊन घराकडे येते. कचऱ्यात पीव्हीसी असले तर धुरात डायॉक्सिनसारखी घातक द्रव्येही तयार होतात. वर पाचट जाते ते वेगळेच. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली होती. शहराचा कचरा आपल्या रानात यायचा, आणि तो जाळला म्हणून दोष आपल्याला लागायचा, असा दुहेरी तोटा कशाला?

वेचलेले प्लास्टिक झटकून, वाळवून गोणीत भरावे आणि ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या संकलनात द्यावे. विहिरीत, ओढ्यात किंवा बांधाच्या खड्ड्यात टाकू नये. आपल्या स्वतःच्या खताच्या पिशव्या, औषधांची पाकिटे, ठिबकच्या जुन्या नळ्या यांचीही व्यवस्था याच वेळी लावावी. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपला बांध स्वच्छ असलेला बरा.

मूळ उपाय डेपोतच

वेचणी हा आपल्या हातातला उपाय आहे, पण शहराची सफाई जन्मभर शेतकऱ्यानेच करायची, हा न्याय नव्हे. २००० सालच्या घनकचरा नियमांत आणि नंतर २०१६ सालच्या नियमांतही भरावाच्या जागेसाठी स्पष्ट लिहिले होते : टाकलेला कचरा दिवसाअखेरीपर्यंत किमान १० सें.मी. माती किंवा राडारोड्याने झाकावा, पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सें.मी.चा थर द्यावा आणि जागेला कुंपण असावे. रोज झाकलेला कचरा उडत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे.

दुसरा उपाय जाळीचा. कचरा जिथे ओततात त्या तोंडाजवळच, वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूस, हलवता येणारी उंच जाळी उभी करावी. पक्की भिंत तेवढी कामाची नाही, कारण वारा तिच्यावरून उसळी घेतो आणि पिशव्या पलीकडे टाकतो. जाळीतून वारा गाळून जातो, पिशवी मागे राहते. मात्र जाळी आठवड्याला साफ केली पाहिजे, नाहीतर तीच भिंत होते आणि वाऱ्याने आडवी पडते. आपल्या बांधावर शेवरी, सुबाभूळ किंवा बांबूची दाट ओळ लावली तर तिचाही उपयोग होतो.

हे होण्यासाठी एकट्याने ओरडून भागत नाही. पुण्याजवळ हवेली तालुक्यात उरुळी देवाची व फुरसुंगी येथे सुमारे १६३ एकरांवर शहराचा कचरा वर्षानुवर्षे पडत गेला. दुर्गंधी आली, विहिरींचे पाणी बिघडले. २०१४ साली ग्रामस्थांनी एकजुटीने कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा सबंध शहराला त्याची दखल घ्यावी लागली. आपल्याकडे गोष्ट त्या थराला जाण्याआधीच बोललेले चांगले.

डेपोलगतच्या सर्व सभासदांनी मिळून एकच अर्ज करावा. त्यात गट नंबर, डेपोपासूनचे अंतर, फोटो आणि वेचणीची नोंद (तारीख, माणसे, मजुरी, किती गोणी निघाल्या) द्यावी. मागण्या तीनच ठेवाव्यात : रोज मातीचा थर, जाळी आणि महिन्यातून एकदा शेजारच्या रानात वेचणीसाठी नगरपालिकेची माणसे. अर्जाची पोहोच घ्यावी. अर्जाचा नमुना गट कार्यालयात मिळेल. लिहायला अडचण असेल तर आपल्या गटाच्या फिल्डमनला किंवा चिटबॉयला सांगावे.

यंदाची तोड संपत आली की पाचटात यंत्र घालण्याची घाई होईल. त्याआधी एक सकाळ काढा, गोणी घ्या आणि काठाच्या सऱ्या वेचा. जमीन पुढच्या पिढीला द्यायची आहे, ती मातीचीच द्यावी.

— ऊस विकास अधिकारी