पोरांचा वाढदिवस पोरांपुरता

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची बस धरली की आधी मुर्धा लागतं, मग आमची राई, मग मोर्वा. २००२ पासून आम्ही मीरा-भाईंदर महापालिकेत आहोत, पण राहणं अजून गावाचंच. एका आळीत चुलत, मावस, आते अशी सगळी भावकी आणि दिवसभर उघडी दारं. अशा ठिकाणी मुलाचा वाढदिवस हात आखडून करणं इमारतीतल्या कुटुंबापेक्षा कठीण जातं. तिथे बोलावलेलेच येतात. इथे एका घराला सांगितलं आणि शेजारचं घर राहिलं, तर ती गोष्ट पुढच्या गणपतीपर्यंत ऐकावी लागते.

स्वतःच्या दोन मुलांचे आणि घरातल्या पुतण्या-भाच्यांचे वाढदिवस करताना माझं एक मत पक्कं झालं. वाढदिवस मोठ्यांचा झाला की महाग होतो आणि मुलांचाच राहिला की परवडतो. पुढचं सगळं त्या एका मतातून आलं आहे.

१. पैसे माणसांच्या संख्येत जातात

घरात चर्चा होते ती केक कुठला, फुगे किती, पडदा कुठल्या रंगाचा याची. यात दोन-पाचशे रुपये इकडचे तिकडे होतात, एवढंच. खरा आकडा ठरतो तो किती जण जेवणार यावर. ताटाला दोनशे रुपये धरले तरी शंभर माणसांचे वीस हजार होतात. त्यात मंडप, खुर्च्या, भांडी घासणाऱ्या बाईंची मजुरी आलेली नाही. म्हणून आधी यादी करावी, आणि ती मुलाला शेजारी बसवून करावी. “तुला कोण कोण हवंय?” असं विचारलं की सहा-सात वर्षांचं मूल फार तर पंधरा नावं सांगतं. त्यातली निम्मी आळीतली असतात, उरलेली वर्गातली. वडिलांच्या ऑफिसातले साहेब किंवा सोसायटीचे सेक्रेटरी त्या यादीत कधीच नसतात. मुलाने सांगितलेली नावं हीच यादी. तिच्यात आपण चार-पाच नावं घालावीत. एखादं मूल आळीत एकटं पडत असेल, तर त्याचं नाव त्यात आवर्जून घालावं.

आमच्याकडे मुलांचा आकडा विसाच्या आसपास थांबतो, आणि केक, खाणं, सजावट, बक्षिसं, परतभेट सगळं धरून पाच हजारांच्या आत निभतं.

२. भावकीला सकाळी बोलवा

पण भावकीचं काय? आजी, आत्या, काकू यांना वगळून वाढदिवस करणं मला पटत नाही. त्यांनीच हे मूल अंगाखांद्यावर खेळवलेलं असतं. आमच्या सासूबाईंनी यावर जो मार्ग काढला, तो मी आजवर बदललेला नाही. मोठ्यांसाठी सकाळचं औक्षण.

मुलाला न्हाऊ-माखू घालून पाटावर बसवायचं. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि घरातली सोन्याची अंगठी. सगळं घरातलंच. आधी आजी ओवाळते, मग आत्या, मग काकू, मग शेजारच्या. येणाऱ्याला चहा आणि शिरा. रवा, साखर, तूप मिळून खर्च तो किती! शिवाय सकाळी माणसं कामावर निघायच्या घाईत असतात, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं बसून, मुलाच्या हातावर काहीतरी ठेवून, डोक्यावर हात ठेवून ती उठतात. कुणाला डावललं जात नाही आणि कुणाला जेवायला घालावं लागत नाही. मानपान सकाळी सांभाळला की संध्याकाळ मुलांसाठी मोकळी राहते.

पहिल्या वर्षी एक-दोन जणी विचारतात, “जेवान नाय ठेवलं?” त्यांना सरळ सांगावं, जेवण यंदा ठेवलेलं नाही, ओवाळायला नक्की या. कारणं सांगत बसू नये. दुसऱ्या वर्षापासून कुणी विचारत नाही, आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्यातलीच एखादी आपल्या नातवासाठी तसंच करते.

३. साडेचार ते साडेसहा

रात्री आठला बोलावलं तर जेवण द्यावंच लागतं, आणि मुलाला सोडायला आलेले आईबापही थांबतात. साडेचारला बोलावलं की खाऊ पुरतो. निरोपातच दोन्ही वेळा लिहाव्यात, यायची आणि न्यायची. उजेडात मुलं अंगणात खेळतात, दिव्यांच्या माळा लागत नाहीत. स्पीकरही लागत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे, तरी तो मोडला जातो आणि शेजारचं तान्हं बाळ दचकून उठतं. आपण त्या वाटेला जाऊच नये.

४. गच्चीवरची मैफल नको

हे मला मनापासून सांगायचं आहे. पोराच्या नावाने माणसं जमतात, केक कापून होतो, आणि मग पुरुष मंडळी गच्चीवर जातात. मटण आणि बाटल्या यांचा हिशेब लावला तर केक, फुगे, बक्षिसं या सगळ्यांपेक्षा तो मोठा भरतो, आणि त्यातलं काहीच मुलासाठी नसतं. बाप वर असतो आणि ज्याचा वाढदिवस तो मुलगा खाली कंटाळून झोपी जातो. घरातल्या बायकांनी हे एकत्र बसून, वाढदिवसाच्या बरंच आधी बोलावं. त्या दिवशी बोलून उपयोग होत नाही. आमच्या घरात हे बोलणं मी आणि माझ्या जावेने मिळून केलं. दोघी होतो म्हणून ते ऐकलं गेलं.

५. केक

एक किलोचा केक दहा-बारा मोठ्यांना पुरतो, लहान मुलं असतील तर विसांना. मुलं दोन घास खातात आणि क्रीम ताटलीत तसंच टाकतात. तेव्हा तीन मजली केक मागवण्याचं कारणच नाही.

घरी करायचा तर कुकरमधला रव्याचा केक सगळ्यात भरवशाचा. बारीक रवा आणि दही समप्रमाणात, साखर थोडी कमी, अर्धी वाटी तेल. वीस मिनिटं भिजू द्यायचं, आयत्या वेळी थोडं दूध, बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा. कुकरच्या तळाशी खडे मिठाचा थर द्यायचा. भाईंदरच्या मिठागरांच्या आसपास राहणाऱ्यांना ते कुठे शोधावं लागत नाही. मिठावर जाळी, जाळीवर डबा. झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून ठेवायची, कुकरमध्ये पाणी घालायचं नाही. मंद आचेवर पाऊण तास. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. वर क्रीम नको, पिठीसाखर भुरभुरावी आणि वाढदिवसाच्या मुलाच्या हाती गोळ्यांची वाटी द्यावी. तो स्वतः सजवतो, आणि आपण सजवलेल्या केकबद्दल कुठलंच मूल तक्रार करत नाही.

६. खाऊ दोनच प्रकारचा

वीस मुलांना चाळीस बटाटेवडे लागतात, त्याला दोन किलो बटाटे. तिखट बेताचंच. सोबत भेळ, त्याला किलोभर कुरमुरे भरपूर होतात. लिंबू किंवा कोकम सरबत मोठ्या टोपात करून ठेवावं. एक लिटरमध्ये पाच पेले भरतात, आणि खेळून आलेलं मूल दोन तरी पितंच. वडे तळायला जावा-नणंदा येतात, कारण आपणही त्यांच्या मुलांच्या वेळी गेलेलो असतो. एक काळजी मात्र घ्यावी. कुणाला शेंगदाणे किंवा दूध चालत नाही का, हे त्यांच्या आईला आधी विचारावं.

कुणाला याहून जास्त मुलांना खाऊ घालावंसं वाटलं, तर शाळेच्या पोषण आहारात ‘तिथी भोजन’ नावाची सोय आहे. वाढदिवसासारख्या दिवशी पालकांनी शाळेतल्या मुलांना एखादा चांगला पदार्थ किंवा फळं द्यावीत, असा तिचा हेतू आहे. मुख्याध्यापकांशी आधी बोलून, शाळेत केळी-चिकू दिले तरी ते पोटात जातं आणि शंभर मुलांपर्यंत पोहोचतं.

७. खेळच मुख्य

बोरन्हाण आठवून बघा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कितीतरी मराठी घरांत ते होतं. मूल मधे बसवायचं, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, कुरमुरे, हरभरे, गोळ्या ओतायच्या, आणि भोवतीच्या मुलांनी झडप घालून ते गोळा करायचं. त्यात मोठ्यांचं काम ओतण्यापुरतं, पंगत नाही आणि भाषण नाही. मुलांची लूट म्हणजेच तो कार्यक्रम. मुलांना काय आवडतं हे आपल्याकडच्या बायकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. वाढदिवस करताना आपण ते सोडून हॉलवाल्याकडून ‘पॅकेज’ घेतो, हे मला खटकतं. आमच्याकडे केकनंतर चादर धरून तिच्यातून कुरमुरे, लिमलेटच्या गोळ्या, पेन्सिली, खोडरबर असं सगळं उधळतो. दोन-तीनशे रुपयांत जो कल्ला होतो, तो जादूगार बोलावूनही होत नाही. चार वर्षांखालच्या पिल्लांसाठी वेगळा कोपरा ठेवावा, नाहीतर मोठी मुलं त्यांना तुडवतात. कडक, गोल गोळी त्यांच्या हाती पडू देऊ नये. ती घशात अडकते.

बाकीचे खेळ तुम्हाला येतातच. तळ्यात-मळ्यात, मामाचं पत्र हरवलं, लिंबू-चमचा, आंधळी कोशिंबीर, लगोरी. पावसाळ्यात वाढदिवस आला तर अंगण हातचं जातं, तेव्हा ओटीवर संगीत खुर्ची आणि ‘शिवाजी म्हणतो’. दमवणारा खेळ आधी ठेवावा, बसून खेळायचा खाण्याच्या थोडा आधी. खेळ घ्यायला एखादी दहावी-बारावीतली ताई नेमावी. ती ओरडली तर मुलं ऐकतात, आईचं कुणी ऐकत नाही. बक्षीस फक्त जिंकणाऱ्याला दिलं की रडारड होते, म्हणून प्रत्येक फेरीत हरणाऱ्यालाही गोळी.

मोबाइलवर कार्टून लावून मुलांना बसवणार असाल, तर त्यांना बोलावण्यात अर्थ नाही.

८. सजावट

थर्मोकोलची सजावट, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे या सगळ्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्राने त्याआधी, २०१८ मध्येच, प्लास्टिक आणि थर्मोकोलवर बंदी आणली. राईकरांना तर यात वेगळं सांगावं लागू नये. साऱ्या शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर जातो आणि त्या गाड्या आपल्या दारावरून जातात. आपल्या घरचा वाढदिवसही त्याच गाडीत बसतो. घरातल्या स्टीलच्या ताटल्या काढाव्यात, कमी पडल्या तर जावेच्या घरून आणाव्यात.

आईच्या जुन्या साड्यांचा पडदा, जाळीवर टाचलेली कागदी फुलं, झेंडूची माळ. पताका मुलांकडून आठवडाभर आधी कापून घ्याव्यात. ते कामही त्यांना वाढदिवसाचाच भाग वाटतं. रंगीत कागद, रिबिनी, छोटी बक्षिसं घाऊक हवी असतील, तर दोन-तीन घरांनी मिळून मुंबईला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटला एक फेरी मारावी. एकटीने एका वाढदिवसासाठी जाण्यात वेळ आणि भाडं फुकट जातं.

फुग्यांबद्दल मी फार कडक आहे. तोंडाने किंवा पंपाने फुगवलेलेच आणावेत. वर उडणारा स्वस्त फुगा बहुधा हायड्रोजनने भरलेला असतो आणि हायड्रोजन ठिणगी मिळताच पेटतो. हेलियम पेटत नाही, पण महाग पडतो. मेणबत्ती लावलेल्या केकभोवती उडते फुगे धरून फोटो काढणं म्हणजे मुलांचे चेहरे आगीजवळ नेणं. फेसाचा फवाराही तसाच. त्यातला दाबाने भरलेला वायू पेट घेऊ शकतो. केकजवळ तो फवारा कुणाच्या हातात दिसला तर मी काढून घेते, मग तो पाहुणा का असेना. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच वेचावेत. रांगणारं मूल ते तोंडात घालतं.

९. भेट आणि परतभेट

आमच्या निरोपात ‘भेटवस्तू आणू नये’ असं स्पष्ट असतं. आळीत सगळ्यांची मिळकत सारखी नाही. ज्या आईला भेट घेणं परवडत नाही, ती मुलाला पाठवतच नाही, आणि ते मूल संध्याकाळभर दारातून इकडे बघत राहतं. हे मी पाहिलेलं आहे. आणायचंच असेल तर स्वतः काढलेलं चित्र आणावं. ती सगळी चित्रं भिंतीवर लावली की सजावटही झाली.

परतभेट तीस रुपयांच्या आत. दुसऱ्या दिवशी मोडणारं खेळणं नको. लाकडी भोवरा, रंगीत खडू, चित्रकलेची छोटी वही चालते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत मराठी पुस्तकं माफक किमतीत असतात. सगळ्यांना वेगवेगळं पुस्तक दिलं की मुलं आपसात बदलून वाचतात, आणि आळीत वीस पुस्तकं फिरतात.

१०. पैसे आधी बाजूला

मुलाच्या वाढदिवसासाठी हप्त्यावर कर्ज घेतलेली घरं मला माहीत आहेत. केक एका संध्याकाळी संपतो आणि हप्ता वर्षभर चालतो. ज्यांचं मूल जून-जुलैत जन्मलं त्यांनी तर जास्तच सांभाळावं, कारण त्याच महिन्यांत वह्या, गणवेश, दप्तर, रेनकोट सगळं एकदम येतं. आमच्या धाकट्याचा वाढदिवस जुलैतला. बचत गटाच्या बैठकीहून घरी येताना मी दर महिन्याला चारशे रुपये त्याच्या नावाच्या डब्यात टाकते. वर्षाचे अठ्ठेचाळीसशे होतात. डब्यात जेवढे निघतील तेवढ्यातच करायचं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पैसे उरले तर ते कशाला वापरायचे हे तो ठरवतो. गेल्या जुलैत त्याने सायकलच्या पंक्चरचं सामान घेतलं आणि आळीतल्या सगळ्या सायकली स्वतः दुरुस्त केल्या.