यादी मागावी आणि वाचावी : संगणकातील डिरेक्टरीचा परिचय

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कोणत्याही दप्तराचा उपयोग त्याच्या यादीवर अवलंबून असतो. ग्रंथालयात हजारो ग्रंथ असले, पण त्यांची सूची नसली, तर ते असून नसल्यासारखेच. संगणकाचेही तसेच आहे. आपण त्यात निबंध, टिपणे, छायाचित्रे, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या प्रती साठवतो. परंतु आत काय काय आहे हे त्याला विचारावे कसे, आणि त्याने दिलेले उत्तर वाचावे कसे, याचा विचार कला शाखेचे आपण विद्यार्थी सहसा करीत नाही. ‘ते विज्ञानवाल्यांचे काम’ असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात हा समज बाजूला ठेवून एकाच आज्ञेचा परिचय करून द्यावयाचा आहे. डिरेक्टरीतील जिनसांची यादी मागणारी ‘एलएस’ ही ती आज्ञा होय.

पडद्यावर आपण ज्याला फोल्डर म्हणतो तीच डिरेक्टरी. चित्रावर टिचकी न मारता कळफलकावर अक्षरे टंकून जेथे आज्ञा दिली जाते, त्या जागेस कमांड लाइन म्हणतात. लिनक्स असलेल्या संगणकावर ‘टर्मिनल’ उघडले की ती समोर येते.

थोडा इतिहास

ही आज्ञा आजची नव्हे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक झाले. एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची सोय तीत होती. वापरणारे अनेक झाले म्हणजे ‘माझे कोणते?’ हा प्रश्न आलाच. त्यासाठी तेथे ‘लिस्टएफ’ नावाची आज्ञा होती. पुढे मल्टिक्स या प्रणालीत ‘लिस्ट’ ही आज्ञा आली व तिचेच संक्षिप्त रूप ‘एलएस’ झाले. त्यानंतर बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणाली घडवली. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या तिच्या पहिल्या मार्गदर्शक पुस्तिकेत एलएसची नोंद आहे.

नाव दोनच अक्षरांचे का? त्या काळी बहुधा पडदा नसे. टेलिप्रिंटरसारख्या यंत्रावर टंकायचे आणि उत्तरही कागदावर उमटायचे. टेलिटाइप ३३ हे त्या वेळचे प्रसिद्ध यंत्र सेकंदाला फक्त १० अक्षरे छापी. तेव्हा आज्ञा जितकी आखूड तितकी बरी. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीत आणि नंतर १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये याच कामाला ‘डिर’ ही आज्ञा होती. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ती आजही चालते.

यादी मागावी कशी?

रोमन लिपीतील एल व एस ही दोन लहान अक्षरे टंकून एंटरची कळ दाबली, की आपण ज्या डिरेक्टरीत आहोत तेथील नावे समोर येतात. आज्ञेपुढे जागा सोडून आडवी रेघ व एखादे अक्षर दिले, तर यादीचे रूप बदलते. ‘-टी’ दिल्यास सर्वांत अलीकडे बदललेली फाइल प्रथम येते. काल रात्री लिहिलेला निबंध कोणत्या नावाने ठेवला हे आठवत नसेल, तर हीच युक्ती कामास येते. मोठे ‘-एस’ दिल्यास आकाराने मोठी फाइल आधी येते. मोठे ‘-आर’ दिल्यास आतल्या डिरेक्टऱ्यांचीही यादी मिळते.

‘-ए’ दिल्यास लपलेल्या फाइलीही दिसतात. ज्या फाइलीचे नाव टिंबाने सुरू होते ती एरवी यादीत येत नाही. यामागची हकीकत रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिली आहे. प्रत्येक डिरेक्टरीत एक टिंब म्हणजे ‘ही डिरेक्टरी’ आणि दोन टिंबे म्हणजे ‘वरची डिरेक्टरी’ अशा दोन नोंदी असतात. त्या दर वेळी दिसू नयेत म्हणून नावाचे पहिले अक्षर टिंब असल्यास ते वगळावे, असे सोपे कलम घातले गेले. त्यामुळे टिंबाने सुरू होणारे इतर प्रत्येक नावही आपोआप लपू लागले. सोयीसाठी केलेला आडमार्ग पुढे रूढी झाला तो असा.

एक ओळ, सात गोष्टी

खरी मौज ‘-एल’ मध्ये आहे. ते दिल्यास प्रत्येक फाइलीची सविस्तर ओळ येते. संगणक ती रोमन अक्षरांत दाखवतो. देवनागरीत मांडल्यास ती साधारण अशी दिसेल :

- आरडब्ल्यू- आर-- ---  १  विद्यार्थी  कला  ३०७२०  मार्च १२ १०:४५  निबंध

पहिली रेघ सांगते की ही साधी फाइल आहे. डिरेक्टरी असती तर तेथे ‘डी’ आला असता. नंतर तीन-तीन चिन्हांचे तीन गट येतात : पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतर सर्वांचा. ‘आर’ म्हणजे वाचण्याचा हक्क, ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्याचा, आणि ‘एक्स’ म्हणजे चालवण्याचा. रेघ असेल तेथे तो हक्क नाही. वरील निबंध मालकाने वाचावा व बदलावा, गटातील इतरांनी केवळ वाचावा आणि बाहेरच्यांनी पाहूही नये, असा त्याचा अर्थ. पुढील १ म्हणजे या मजकुराला किती नावे आहेत तो आकडा. मग मालक, गट, बाइटमधील आकार, शेवटच्या बदलाची वेळ आणि अखेरीस नाव. एका ओळीत सातबाऱ्यासारखा सगळा हिशेब!

नाव आणि वस्तू

सातबाऱ्याची उपमा मी सहज दिलेली नाही. आमच्यासारख्या शेतकरी घरात कागद म्हटला की प्रथम तोच आठवतो. जमीन शिवारात असते. दप्तरात असतो तिचा गट क्रमांक आणि त्यापुढे नाव. डिरेक्टरीची रचना अशीच आहे. तिच्यात फाइलीचा मजकूर नसतोच. असते फक्त एक नाव व त्यासमोर एक क्रमांक. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत अशी एक नोंद १६ बाइटची होती : २ बाइट क्रमांकाला आणि १४ बाइट नावाला. त्या क्रमांकाच्या नोंदीस ‘आयनोड’ म्हणतात. मालक, हक्क, आकार, वेळ आणि मजकूर कोठे ठेवला आहे तो ठावठिकाणा हे सर्व आयनोडमध्ये असते. नाव मात्र तेथे नसते. ‘-आय’ दिल्यास हा क्रमांक यादीत दिसतो.

यावरून काही गोष्टी सहज उलगडतात. फाइलीचे नाव बदलले तरी मजकुराला धक्का लागत नाही, कारण बदलली ती वहीतील नोंद. एकाच मजकुराला दोन नावे देता येतात. तेव्हा वर सांगितलेला १ चा आकडा २ होतो. एक नाव पुसले तरी दुसरे उरते, आणि शेवटचे नाव गेल्यावरच ती जागा मोकळी समजली जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नाव पुसण्याचा हक्क फाइलीवर ठरत नाही, तो डिरेक्टरीवर ठरतो. एखादी फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ ठेवली तरी ज्याला त्या डिरेक्टरीत लिहिण्याचा व शिरण्याचा हक्क आहे तो तिचे नाव काढून टाकू शकतो. (सर्वांच्या वापराच्या जागी यावर वेगळे बंधन घालता येते.) म्हणजे जमीन कोणाची याइतकेच, वही कोणाच्या हाती आहे हेही पाहावे लागते. ज्या घरांत उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत असे, त्या घरांतील मुलांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मराठी नावांचा प्रश्न

फाइलींना मराठी नावे देता येतात व ती द्यावीतही. मात्र दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लिनक्सवर सामान्यतः नावाची मर्यादा २५५ बाइट असते. यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३. काना, वेलांटी, हलन्त यांचाही हिशेब वेगळा होतो. ‘विद्यार्थी’ या शब्दात अशी १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट झाले. एकूण ८५ चिन्हांत नाव आटोपले पाहिजे.

दुसरा प्रश्न क्रमाचा. युनिकोडमध्ये ल चा संकेतांक २३५४, ळ चा २३५५ आणि व चा २३५७ आहे. केवळ संकेतांकानुसार क्रम लावल्यास ‘कला, कळ, कवी’ अशी यादी येते. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून कोशात शोधण्याची सवय असलेला ‘कळ’ शेवटी शोधील. संगणकावर कोणत्या भाषेचे नियम निवडले आहेत यावरही हा क्रम अवलंबून असतो. तिसरी गोष्ट अंकांची. धडा१, धडा२, धडा१० अशी नावे दिल्यास यादीत धडा१० हा धडा२ च्या आधी येतो, कारण तुलना अक्षराअक्षराने होते. धडा०१, धडा०२ असे लिहावे, म्हणजे क्रम बिघडत नाही.

समारोप

एलएस ही आज्ञा काही बदलत नाही, काही पुसत नाही. ती केवळ सांगते. म्हणून नवख्याने तिच्यापासून सुरुवात करण्यात कसलाच धोका नाही. महाविद्यालयाच्या संगणकावर काम संपवून उठण्यापूर्वी एकदा ‘-एल’ देऊन आपल्या प्रकल्पाची ओळ पाहावी : मालक कोण, इतरांना कोणता हक्क आहे, शेवटचा बदल केव्हा झाला. मग ती फाइल ज्या डिरेक्टरीत आहे तिचीही ओळ पाहावी. वर्षभराच्या कष्टाचे लेखन ज्या वहीत नोंदले आहे, ती वही आपली आपल्याला वाचता यावी एवढे शिक्षण तर आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही घेतलेच पाहिजे.