चालू होते, पण स्लोला टिकत नाही: जुन्या ओम्नीवर खर्च करण्याआधी

वर्धा जिल्ह्यात आज कार्बोरेटरचा मोठा ट्रक शोधूनही सापडणार नाही. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले, पुढे मालवाहतूक डिझेलवर गेली, आणि डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतोच. पण घरचं दूध, भाजी, मंडपाचं सामान वाहणारी एक जुनी पेट्रोल गाडी हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळीकडे अजून राबताना दिसते. ती म्हणजे मारुतीची ओम्नी. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. हे मार्गदर्शन तिच्या जुन्या, कार्बोरेटरच्या मॉडेलसाठी आहे. पेट्रोलवरच्या जुन्या जीपलाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

गाडी चालू होऊन बंद पडायला लागली की गॅरेजमध्ये पहिला संशय कार्बोरेटरवर जातो. नवा कार्बोरेटर साधारण ३,००० ते ५,००० रुपयांना पडतो, आणि बऱ्याचदा तो बदलूनही गाडी तशीच राहते. दोष शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूत असतो. म्हणून कार्बोरेटर शेवटी उघडायचा. त्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर मिळवायचं: गाडी बंद पडते त्या क्षणी तिला पेट्रोल मिळत नाही, की करंट?

ही तपासणी फुकट आहे, फक्त ती गाडी बंद पडल्या पडल्या करावी लागते. सीट उचला आणि कार्बोरेटरच्या अंगावरची छोटी काच पाहा. त्यात पेट्रोलची पातळी खुणेच्या आसपास दिसायला हवी. काच रिकामी असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. पातळी बरोबर असेल तर एक प्लग काढा, वायरला जोडा, त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या धातूला टेकवा आणि दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळसर आणि जोरकस हवी. पिवळी, मरगळलेली ठिणगी म्हणजे करंट कमी. हे करताना सांडलेलं पेट्रोल आधी पुसा, प्लगच्या भोकापासून दूर राहा, आणि गाडीत गॅस किट असेल तर ही तपासणी मेकॅनिकवरच सोडा. इंजिन गाडीच्या आत, माणसाच्या खाली आहे, तिथे आग लागली तर दार उघडायलाही वेळ पुरत नाही.

आता गाडी नेमकी कधी बंद पडते ते लक्षात घ्या, कारण अर्धं निदान त्यातच आहे.

रेस दिली की चालते, पाय काढला की बंद, अशी तक्रार असेल तर आधी चावी फिरवून (स्टार्टर न मारता) कार्बोरेटरजवळ कान द्या. स्लोचं पेट्रोल उघडणारा छोटा सोलेनॉइड ‘टक’ असा आवाज करतो. आवाज नसेल तर त्याची वायर सुटलेली किंवा गंजलेली असू शकते. ती घट्ट करायला पैसे लागत नाहीत. आवाज येत असेल तर स्लो जेटमध्ये कचरा अडकलाय का ते पाहायचं. कार्बोरेटर उघडून स्प्रेने धुणं आणि नवी पॅकिंग किट टाकणं यासाठी सामान ३०० ते ७०० आणि मजुरी ५०० ते १,००० रुपये धरा. मेकॅनिकला आणखी एक सांगा: कार्बोरेटरच्या बुडाचे नट घट्ट आहेत का आणि रबरी व्हॅक्यूम पाइप तडकलेत का, हे आधी पाहा. गाडी बाहेरून हवा घेत असेल तर स्क्रू कितीही फिरवले तरी स्लो बसत नाही.

स्लो चांगला, पण दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर झटके देत बंद पडते, हा उपासमारीचा प्रकार. टाकीचं झाकण उघडताना ‘फस्स’ आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू लागली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. मग फिल्टर पाहा. तो ५० ते १०० रुपयांचा असतो. त्यात लाल गाळ दिसला तर टाकी गंजली आहे, आणि टाकी साफ न करता नवा फिल्टर टाकला तर तोही लवकरच भरेल. त्यानंतर पेट्रोल पंप, साधारण ५०० ते ९०० रुपये.

तिसरा प्रकार आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात फार दिसतो. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. सीटखालची बंदिस्त जागा त्याहून कितीतरी तापते आणि पाइपमध्येच पेट्रोलची वाफ होते. गाडी थंड झाली की पुन्हा चालू होते. पण तापल्यावर खराब होणारी कॉइल आणि कंडेन्सरही अगदी असंच वागतात. फरक कळतो तो वर सांगितलेल्या काचेवरून आणि ठिणगीवरून. ठिणगी असेल आणि काच रिकामी असेल तर उष्णता: पाइप गरम भागांपासून दूर सरकवा, रबरी नळी बदला. ठिणगी नसेल तर कंडेन्सर व पॉइंट (१०० ते २५० रुपये) आणि मगच कॉइल (६०० ते १,००० रुपये). तीन प्लगचे ३०० ते ४५० रुपये. वायर, कॅप आणि रोटर धरून सुमारे हजार.

कापसाच्या हंगामात हिंगणघाट, पुलगाव भागातल्या जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा एअर फिल्टर तंतूंनी भरतो. मग हवा कमी, पेट्रोल जास्त, प्लग काळे. सव्वाशे-दीडशे रुपयांचा फिल्टर बदलण्याऐवजी मिश्रणाचा स्क्रू फिरवला तर हंगाम संपल्यावर गाडी पुन्हा बिघडते.

२०२५ पासून देशात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलं जातं. ते जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रामला सोसत नाही, ओलावा ओढतं, आणि मिश्रण थोडं पातळ होतं. म्हणून जुनी नळी बदलताना इथेनॉल सोसणारी मागा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर त्याआधी कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवून टाका.

वर दिलेले भाव अंदाज आहेत, ब्रँड आणि दुकानाप्रमाणे फरक पडेल. काम सांगण्याआधी किंमत लिहून घ्या, बदललेले जुने भाग परत मागा, पक्कं बिल घ्या. बिल असेल तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दुरुस्तीची सेवाही तक्रारीस पात्र ठरते. राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५ आहे, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही.

आणि मोठं काम काढण्याआधी आरसी बुक उघडून तारीख पाहा. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी लागते. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांवरच्या हलक्या चारचाकीसाठी त्याचं शुल्क १०,००० रुपये आहे, त्याआधी ते ५,००० होतं. कार्बोरेटरवाली बहुतेक ओम्नी या २० वर्षांच्या पुढच्याच गटात येते. तारीख जवळ आली असेल तर हे शुल्क, विमा, पीयूसी आणि दुरुस्ती यांची बेरीज आधी मांडा. ती गाडीच्या विक्रीच्या किमतीच्या आसपास जात असेल तर नवा कार्बोरेटर घेऊ नका. धुऊन, पॅकिंग बदलून जेवढी चालते तेवढी चालवा आणि नोंदणी असेपर्यंत ग्राहक शोधा.