कामाच्या बुटाची खरी किंमत



गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या मागे एका इमारतीचे बांधकाम चालू होते. स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या काढणारा एक विशीतला तरुण एके दुपारी लंगडत आमच्या प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसला. फळीतून वर आलेला खिळा त्याच्या रबरी चपलेतून आरपार जाऊन तळव्यात घुसला होता. आम्ही जखम धुतली आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी त्याला दवाखान्यात नेले. वाटेत मी जरा रागानेच विचारले, "अरे, अशा कामाला बूट का घालत नाहीस?"

तो म्हणाला, "घेतले होते की, सर. एका वर्षात तीन जोड झाले. पहिल्या पावसात सोल उकलतो. त्यापेक्षा चप्पल बरी."

त्याच्या उत्तराने मी गप्प झालो. तो निष्काळजी नव्हता. त्याने साधा हिशोब केला होता. मग प्रश्न असा, की आपल्याच देशात बनलेला, टिकाऊ आणि रास्त किमतीचा कामाचा बूट ओळखायचा कसा? गंमत अशी, की त्यासाठी तुमच्या शाळेतले पदार्थविज्ञान जवळजवळ पुरते. चला, एक बूट हातात घेऊन पाहू या.

खिळा आणि तळवा

आधी त्या खिळ्याकडेच वळू. समजा, माणसाचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे. म्हणजे त्याचे वजन ६० × ९.८ = ५८८ न्यूटन. तो एका पायावर उभा असेल, तर हे बल पूर्ण तळव्यावर पसरते. तळव्याचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे २०,००० चौरस मिलिमीटर धरू. दर चौरस मिलिमीटरला ०.०३ न्यूटनसुद्धा येत नाही.

आता तेच वजन खिळ्याच्या टोकावर आले. टोकाचे क्षेत्रफळ एक चौरस मिलिमीटर धरले, तर तेवढ्या जागेवर सगळेच्या सगळे ५८८ न्यूटन! दाब वीस हजार पट झाला. रबर किंवा फोम कितीही जाड असला तरी तो एवढा दाब सोसत नाही. म्हणून चांगल्या बुटात सोल आणि सुखतळा यांच्यामध्ये पातळ पोलादी पत्रा किंवा घट्ट विणलेल्या तंतूंचा थर बसवतात. तपासणीच्या वेळी या थराला ११०० न्यूटन बलाने दाबलेल्या खिळ्यापुढे टिकावे लागते. हे बल सुमारे ११२ किलोग्रॅम वस्तुमानाच्या वजनाएवढे आहे.

बोटांवरची कमान

कामाच्या बुटाच्या पुढच्या भागात बोटांवर एक कठीण टोपी असते. दुकानदार तिला 'स्टील टो' म्हणतात; हल्ली ती तंतुयुक्त प्लॅस्टिकचीही करतात. तिची परीक्षा कशी घेतात ठाऊक आहे? २० किलोग्रॅमचा घण सुमारे १.०२ मीटर उंचीवरून तिच्यावर सोडतात. घणाची स्थितिज ऊर्जा काढून पाहा: २० × ९.८ × १.०२, म्हणजे जवळजवळ २०० ज्यूल.

ही ऊर्जा जाते कुठे? टोपी थोडी वाकते आणि वाकताना ऊर्जा शोषून घेते. समजा, घण एक सेंटिमीटर अंतरात थांबला. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. तेव्हा सरासरी बल २०० ÷ ०.०१ = २०,००० न्यूटन होईल. दोन टन वजनाएवढे हे बल बोटांवर आले तर हाडांचा चुराच व्हायचा. पण टोपीचा आकार कमानीसारखा असतो. पुलाची कमान वरचा भार दोन्ही बाजूंच्या खांबांवर नेते, तशी ही टोपी भार सोलच्या कडांवर आणि तिथून जमिनीत नेते.

टोपी किती वाकली हे मोजण्याची युक्तीही साधी आहे. तिच्याखाली नरम मातीचा छोटा दंडगोल उभा ठेवतात. घण पडल्यावर तो दबून जेवढा उरतो, तेवढी जागा बोटांसाठी उरली असे समजायचे. मध्यम मापाच्या बुटात ही जागा निदान १४ मिलिमीटर असावी लागते. याशिवाय १५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन वजनाएवढा भार हळूहळू देऊनही टोपी तपासतात.

बारा लाख वेळा वाकणारी वस्तू

खिळा आणि घण हे क्वचित येणारे शत्रू. रोजचा शत्रू वेगळाच आहे. कामावरचा माणूस दिवसाला ८,००० पावले टाकतो असे धरा. प्रत्येक बूट ४,००० वेळा वाकला. वर्षाच्या ३०० दिवसांत बारा लाख वेळा!

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. यालाच पदार्थाचा थकवा म्हणतात. बुटाचे चामडेही बोटांच्या मुळाशी नेमक्या त्याच जागी रोज वाकते. ते टिकते ते त्याच्या रचनेमुळे. चामडे म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे. जनावराच्या कातडीत वरच्या बाजूला हे तंतू बारीक व अतिशय दाट गुंफलेले असतात. खाली ते जाड आणि सैल होत जातात. जाड कातडी आडवी चिरून तिचे दोन थर काढता येतात. वरच्या थराचे चामडे महाग. खालच्या थरावर प्लॅस्टिकचा लेप देऊन तेही विकतात, आणि लेपामुळे ते अधिक चकचकीत दिसते! थोड्या दिवसांत वाकण्याच्या जागी लेपाला भेगा पडतात आणि पाणी आत शिरते.

म्हणून चकाकीला भुलू नका. चामड्याची कापलेली कड दिसत असेल तिथे पाहा: तंतू दाट आहेत की सैल कापसासारखे? अंगठ्याने दाबा: चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटून पुन्हा मिटतात.

जोड कसा आहे?

आमच्या त्या मित्राचे तिन्ही जोड कुठे फसले? सोलच्या जोडात. सोल बसवण्याच्या मुख्य तीन रीती आहेत. एक, नुसते चिकटवणे. दोन, शिवणे. तीन, बुटाचा वरचा भाग साच्यात धरून त्याच्याखाली पॉलियुरेथेनचे द्रव घटक सोडणे. ते फुगून घट्ट होताना चामड्याच्या तंतूंत शिरून बसतात. कारखान्यांतले बहुतेक बूट या तिसऱ्या रीतीने होतात.

नुसत्या चिकटवलेल्या जोडाची अडचण समजण्यासाठी पुढील प्रयोग करून पाहा. चिकटपट्टीचा बोटभर तुकडा टेबलावर पक्का चिकटवा. त्याचे मोकळे टोक धरून पट्टीच्या दिशेने, टेबलाला समांतर ओढा. निघत नाही. आता तेच टोक धरून वर सोला. अलगद निघते! पहिल्या वेळी बल पूर्ण पट्टीवर वाटले गेले. दुसऱ्या वेळी ते एका बारीक रेषेवर एकवटले. चालताना प्रत्येक पावलाला बुटाचे पुढचे टोक असेच सोलले जाते. पाण्याने डिंक सैल झाला, की काम संपले.

शिवलेल्या बुटाचा मोठा गुण हा, की सोल झिजला तर आपला कोपऱ्यावरचा चर्मकार नवा बसवून देऊ शकतो. मात्र तो महाग व वजनदार असतो.

कपाटातला शत्रू

एक चूक माझीही सांगतो. डोंगर हिंडण्यासाठी घेतलेला एक उत्तम बूट मी काही वर्षे कपाटात जपून ठेवला होता. पावसाळ्यात काढून घातला, तर शंभर पावलांत सोलचा भुगा झाला. कारण? पॉलियुरेथेनच्या एका प्रकारात हवेतली आर्द्रता हळूहळू शिरते आणि त्याच्या लांब रेणूंचे तुकडे करते. याला जलीय अपघटन म्हणतात. बूट वापरा वा न वापरा, ही क्रिया चालूच असते. म्हणून जुना माल स्वस्तात मिळाला तरी आधी बुटावरचा निर्मितीचा काळ वाचा. भट्टीजवळ काम करणाऱ्याने तर सोल पॉलियुरेथेनचा नव्हे, उष्णता सोसणाऱ्या नायट्राइल रबराचा घ्यावा.

आपल्या देशातले बूट

यासाठी परदेशी मालाकडे पाहण्याची गरज नाही. कानपूर, आग्रा, आणि तमिळनाडूतील अंबूर व राणीपेट ही चामड्याची व पादत्राणांची जुनी केंद्रे आहेत. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून याच विषयावर काम करते. आपल्या कोल्हापूरचे कारागीर बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याच्या चपला पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. बुटाच्या मऊ चामड्यासाठी मात्र बहुधा क्रोमियमचे क्षार वापरतात.

सुरक्षा-बुटांसाठी भारतीय मानक आहे: आयएस १५२९८. त्याच्या दुसऱ्या भागात २०० ज्यूलची, तिसऱ्यात १०० ज्यूलची परीक्षा आहे. चौथ्या भागातल्या बुटांना टोपीची अटच नाही. तेव्हा आयएसआय चिन्ह पाहताना त्याच्या वरचा मानक क्रमांक व भागही वाचा. चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर ताडून पाहता येतो. आणि लक्षात ठेवा, खिळा अडवणारा थर प्रत्येक सुरक्षा-बुटात नसतो! एस-१ वर्गात तो नाही. 'एस-१-पी' व 'एस-३' यांत असतो.

रास्त किंमत म्हणजे काय?

आता गणित. समजा, एक जोड ६०० रुपयांचा आणि कामाचे १०० दिवस टिकणारा. दुसरा १,५०० रुपयांचा आणि ३७५ दिवस टिकणारा. पहिल्याचा रोजचा खर्च ६ रुपये, दुसऱ्याचा ४ रुपये. दुकानात महाग वाटलेला बूटच स्वस्त निघाला! म्हणून किमतीला टिकण्याच्या दिवसांनी भागा.

पण हे गणित इथे संपत नाही. रोज ४ रुपये वाचवणे वेगळे आणि एकदम १,५०० रुपये काढणे वेगळे. ज्याच्या हाती एकदम पैसे नसतात, त्याला महाग पडणारा स्वस्त बूटच घ्यावा लागतो. यावर पदार्थविज्ञानात उत्तर नाही. धोक्याच्या कामावर ठेवणाऱ्यानेच संरक्षक साधने पुरवावीत, हेच त्याचे न्याय्य उत्तर होय.

आमच्या त्या तरुणाबरोबर मी पुढच्या महिन्यात बाजारात गेलो. मुकादमाने अर्धे पैसे द्यायचे कबूल केले. त्यासाठी मला दोन वेळा जाऊन बोलावे लागले. तरुणाने सहा बूट उलटेपालटे करून पाहिले, कडा तपासल्या, तारखा वाचल्या आणि सातवा घेतला. दुकानदार म्हणाला, "बूट घेताय की परीक्षा?" तो हसून म्हणाला, "परीक्षाच."

तुमच्या घरीही कोणी कारखान्यात, बांधकामावर वा शेतात राबत असेल. आज संध्याकाळी त्यांचे बूट हातात घ्या, नाडी सोडा आणि आत-बाहेर नीट पाहा.

विचार करा

१. १० किलोग्रॅमचा बिडाचा तुकडा दीड मीटरवरून टोपीवर पडला. ऊर्जा किती? आयएस १५२९८ च्या कोणत्या भागातला बूट इथे हवा?

२. खोडरबराच्या जाड कडेवर समान अंतरावर उभ्या रेघा काढून ते वाकवा. कोणत्या बाजूच्या रेघा फाकतात? बुटाला भेग आधी कुठे पडेल?

३. ९०० रुपयांचा जोड किती दिवस टिकला, तर रोजचा खर्च ४ रुपये येईल?