न कळता मान डोलावू नकोस

बरकतपुरा, हैदराबाद

चि. मुग्धास,


उटनूरच्या दवाखान्यातली हकिगत वाचली. म्हातारी गोंडीत भडभडून बोलते, सोबतची बाई ते तेलुगूत दोन शब्दांत उरकते आणि तू गोळ्या लिहून देतेस. रात्री ‘ती नेमकं काय म्हणत होती?’ या विचारानं झोप उडते, असं तू लिहिलंस. बाळ, ही टोचणी मोलाची आहे. सवयीनं ती बोथट होऊ देऊ नकोस.

न कळण्याचा जाच त्या गोंड लोकांनी तुझ्याहून कितीतरी जास्त सोसलाय. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत. जंगल राखीव झालं, जमिनीचे पट्टे दुसऱ्यांच्या नावे झाले, आणि कागदावर काय लिहिलंय हे कसणाऱ्यालाच वाचता येईना. आपलं काय हिरावलं जातंय हेही न समजावं, याइतकं मन पोखरणारं दुसरं काही नसावं. 1940 मध्ये निजामाच्या राज्याविरुद्ध उठलेला गोंड पुढारी कुमराम भीम जोडेघाटला मारला गेला, त्यामागे हीच घुसमट होती. नंतर हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं 1943 मध्ये मारलवाईला गोंड शिक्षक तयार करायला सुरुवात झाली. त्यासाठी गोंडीची वाचनपुस्तकं नागरी लिपीत निघाली, म्हणजे आपल्याच अक्षरांत!

सेतुमाधवराव पगडी आपल्या निलंग्याचे, निजामाच्या नोकरीतले अधिकारी. दुभाष्यावर त्यांचं भागलं असतं. तरी ते गोंडी आणि कोलामी शिकले, गोंडीचं व्याकरण लिहिलं. मला त्यांच्या विद्वत्तेहूनही ही ओढ मोठी वाटते. हुकूम सोडणाऱ्यानं समोरच्याचं बोलणं समजून घेण्यासाठी पुन्हा विद्यार्थी व्हायचं, हे सोपं नाही.

तू दुखण्यापासून सुरुवात कर. आपल्याकडे ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी; गोंडीतही असणारच. प्रत्येक शब्द त्या म्हातारीकडूनच घे, वहीत टिपून ठेव, आणि चुकीचा उच्चार केलास तर तिला हसू दे. ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगा’ हे वाक्य गोंडीत सर्वांत आधी पाठ कर. डॉक्टरीण असून असं कसं म्हणू, हा संकोच सोड. मान डोलावलीस की ती गप्प बसेल, आणि आजार तसाच राहील.

दसऱ्याला येशील तेव्हा ती वही घेऊन ये. मला वाचून दाखव.

तुझी,
आत्या