हिरव्या दिव्यावर विसंबू नकोस

पोरी, सर्व्हरची खोली तुझ्या ताब्यात आली म्हणे. तुझी आई आता रोज विचारेल, तिथं थंडी वाजत नाही ना? वाजते, स्वेटर ने. बाकीचं हा मामा सांगतो. रेड हा फार सोशिक प्रकार आहे. एक डिस्क मेली तरी वर कुणाला पत्ता लागू देत नाही. फाइली उघडतात, पगारपत्रकं छापून निघतात. घात होतो तो या सोशिकपणापायीच. तेव्हा आपणच विचारत राहायचं.

१. सकाळी चहाआधी कंट्रोलरला हालहवाल विचार आणि उत्तरातलं ‘ऑप्टिमल’ स्वतःच्या डोळ्यांनी वाच – ‘डिग्रेडेड’ अ‍ॅरेवरही सर्व्हर नेहमीसारखाच चालतो, कुणाची तक्रार येत नाही.

२. विचारायचं हत्यार ज्याचं त्याचं वेगळं: मेगारेडच्या कार्डाला स्टोअरसीएलआय, डेलच्या पर्कला पर्कसीएलआय, एचपीईच्या स्मार्ट अ‍ॅरेला एसएसएसीएलआय. मशीन आलं त्याच दिवशी हे हत्यार बसवून टाक – रात्री दोन वाजता अ‍ॅरे कोसळलेला असताना डाउनलोडची लिंक शोधण्यात काही मौज नाही.

३. कार्ड नसून लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड असेल तर ‘/प्रॉक/एमडीस्टॅट’ उघड. दोन डिस्कच्या मिररपुढे दोन ‘यू’ हवेत – एकाच्या जागी खालची रेघ दिसली, की एक डिस्क बाहेर बसलीय असं समज.

४. मेगारेडच्या आड लपलेल्या डिस्कची तब्येत पाहताना स्मार्टसीटीएलला ‘-डी मेगारेड’ आणि त्या डिस्कचा क्रमांक सांगावा लागतो – नाहीतर कार्डाने पुढे केलेली व्हर्च्युअल डिस्कच त्याला दिसते, आणि तिला ना ताप ना खोकला.

५. साटा डिस्कच्या स्मार्टच्या लांबलचक यादीतले 5, 187, 188, 197 आणि 198 एवढे क्रमांक पाठ कर. एसएएस डिस्कला ते नसतात, तिथे ‘ग्रोन डिफेक्ट लिस्ट’ बघ. आकडा रोज साठवून ठेव – तो किती आहे यापेक्षा किती वेगाने वाढतोय हे महत्त्वाचं.

६. तरी स्मार्टच्या गप्प बसण्यावर निर्धास्त होऊ नकोस. गूगलच्या लोकांनी 2007 साली आपल्या डिस्कांचा अभ्यास छापला, त्यात निकामी झालेल्यांपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कांनी चार ठळक खुणांपैकी एकही दाखवली नव्हती – म्हणून बॅकअपला सुट्टी नाही.

७. 199 क्रमांक वाढत असेल तर आधी केबल बदल – तो वाटेतल्या चुकांचा हिशेब आहे, डिस्क बिचारी बहुधा निर्दोष असते.

८. कार्डावरची कॅशेची बॅटरी सगळे विसरतात, तू विसरू नकोस. ती खचली की कार्ड साधारणपणे आपणहून ‘राइट-बॅक’ सोडून ‘राइट-थ्रू’वर जातं – डेटा शाबूत राहतो, लिखाण मात्र रांगू लागतं आणि शिव्या डेटाबेसवाल्याला बसतात. काही कार्डं मधूनमधून बॅटरी रिकामी करून पुन्हा भरतात, तेव्हाही हेच होतं. ती वेळ महिनाअखेरीच्या रात्री येणार नाही हे बघ. आणि बॅटरी मेली तरी राइट-बॅक चालूच ठेवणारी एक सेटिंग असते, तिच्या वाटेला जाऊ नकोस – वीज गेली की कॅशेतलं सगळं गेलं. हे सांगूनही लोक ती लावतातच, वेगाचा मोह वाईट.

९. पॅट्रोल रीड बंद करू नकोस. झेडएफएस असेल तर स्क्रब वेळेवर होऊ दे – कोपऱ्यात कधीच न वाचलेला खराब सेक्टर नाहीतर नेमका रिबिल्डच्या वेळी सापडतो, आणि रेड 5 मध्ये तेव्हा सावरायला दुसरं कुणी उरलेलं नसतं.

१०. रिबिल्ड सुरू व्हायच्या आत बॅकअप ताजा आहे का बघ आणि जड कामं पुढे ढकल. एक भोई गळाला तरी पालखी चालते, पण उरलेल्यांना पळवू नये – मोठ्या डिस्कचा रिबिल्ड तासन्‌तास चालतो आणि तेवढा वेळ सगळा भार त्यांच्यावर असतो.

११. हॉट स्पेअरचीही विचारपूस कर, आणि ती कामाला लागली त्याच दिवशी नवी मागव – नुसती बसलेली डिस्कही मरते.

१२. जुळ्या डिस्का, जुळं दुखणं. नोव्हेंबर 2019 मध्ये एचपीईने कळवलं, की त्यांच्या काही एसएएस एसएसडी फर्मवेअरमधल्या चुकीमुळे 32,768 तास, म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस, 8 तास चालल्यावर बंद पडतील, आतल्या डेटासकट. पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्या काहींसाठी 40,000 तासांचा इशारा आला. फर्मवेअरच्या सूचना वाचत जा – एकाच दिवशी सुरू केलेल्या डिस्का एकाच दिवशी गेल्या तर कुठलंही रेड वाचवत नाही.

१३. डिस्क काढण्याआधी तिचा लोकेट दिवा लाव आणि सीरियल नंबर यादीशी ताडून बघ – घाईचा हात चांगल्याच डिस्कवर पडतो.

१४. डिस्कपुढे ‘फॉरेन’ दिसलं तर ‘क्लिअर’ दाबण्याआधी हात आवर – ती जुन्या अ‍ॅरेची ओळख असू शकते, आणि पुसलेली ओळख परत जमवणं जिकिरीचं.

१५. एनव्हीएमईचं ‘पर्सेंटेज यूज्ड’ शंभराच्या वर गेलं तर घाबरू नकोस, ‘अव्हेलेबल स्पेअर’ बघ – पहिला झिजेचा अंदाज असतो, दुसरा खरोखर उरलेला साठा.

१६. एन्क्लोजरचे पंखे, पॉवर सप्लाय, तापमान यांवरही नजर असू दे.

१७. शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: निरोप न येणं हाही निरोपच. पहारेकरी स्क्रिप्ट स्वतःच बंद पडली तर ते कळायची सोय कर, आणि इशाऱ्याचा मेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात नाही ना, ते तपास – तसं झालं तर इशारे वेळेवर निघतात आणि वाचत कुणीच नाही. एमडीअ‍ॅडमच्या मॉनिटरला ‘टेस्ट’चा पर्याय आहे, स्मार्टडीलाही आहे. आज घरी निघण्याआधी एक खोटा इशारा सोड, आणि तुझा फोन वाजला की मला कळव.